पुसलेली तार

चंद्रपूर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कमलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोन केला की प्रफुल उचलतो आणि आई वावरात आहे म्हणून ठेवून देतो. त्यापेक्षा पोस्टमन बरा. तो निदान निरोप गिळत नाही. आईचा फोन आपल्या खिशात ठेवणारा लेक तुम्ही कोणत्या लाडाने घडवलात, ते एकदा मला सांग.

नोकरीची सगळी वर्षं मी दवाखान्यात लोकांच्या मोडक्या हाडांचे एक्स-रे काढले. आता धडधाकट गोष्टींचे फोटो काढावेत म्हणून कॅमेऱ्याच्या क्लासला जाते. पहिला वर्ग आटोपला, दुसरा चालू आहे. शिकवणारा प्रणित माझ्या निम्म्या वयाचा. जमेल, मॅडम, जमेल, असा मला धीर देत होता. मी त्याला म्हटलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अचूकपणा मला पट्टीने शिकवलाय, तू फक्त बटणं दाखव. त्याचा एकच छळ आहे. मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याला गाव आणि तारखेचं नाव द्यायचं आणि प्रती तीन जागी ठेवायच्या. इतके कोणी दागिनेही जपत नाही.

दिवाळीत तुमच्या वावरात सकाळी काढलेला माझा फोटो क्लासच्या प्रदर्शनात लागलाय. धानाच्या लोंब्यांवर दव, मागे धुकं, पलीकडच्या बांधावर चितळाची मादी. फक्त खालच्या गवतातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक तार गेली होती. एखाद्या चांगल्या चेहऱ्यावर टाके घातल्यासारखी दिसत होती. प्रणितने शिकवलं की कॉम्प्युटरवर नुसता ब्रश फिरवायचा, बाजूचं गवत आणि दव आपोआप त्या जागी येऊन बसतं. दुपारभर बसून मी ती अशी पुसली की प्रणितलाही तिची जागा सापडेना.

प्रफुलच्या मोबाइलवर फोटो पाठवलाय. फ्रेम केलेली मोठी प्रत एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे, पुढच्या खोलीत लाव. पण ती तार कसली ग? आणि तुमच्या गड्याला, झाडूला, सांग की माझा राग अजून गेलेला नाही. जवळून फोटो घ्यायला मी बांध उतरत होते, तर त्याने मला दंडाला धरून मागे खेचलं. कारणही सांगितलं नाही.

भाऊ रामाजीस आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी नणंद,
रश्मी


पळसटोला,
२४ नोव्हेंबर

ती. रश्मीबाईस,
कमलाचा जयभीम. वि. वि.

फोटो पोचला. भिंतीवर लावला. बाई, झाडू मेला.

तुमी विचारलं ती तार रानडुकरांसाठी हाय. रातभर तिच्यात लाइनीचा करंट सोडते आमचा प्रफुल, अन् उजाडताना काढून घेते. परवा काढाचा राह्यला. झाडू पाणी पाहाले गेला होता. मी चहा घेऊन गेली तं डुक्कर तारेवर पडलं होतं, पोट फुटून. बाजूले झाडू गुडघ्यावर, तार मुठीत धरून. मले वाटलं, ओढून राह्यला. मी हाक देल्ली. मग वास आला. डोये उघडे होते, जीभ दातात तुटली होती.

प्रफुलनं करंट काढला. पण मूठ सुटेना. मग तुमच्या भावानं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं त्याचे बोटं मोडले. वाळल्या तुऱ्हाटीवानी आवाज येत होता, बाई. मी चहाची किटली हातात घेऊन उभी होती. मग दोघांनी पाय धरून त्याले नाल्यापलीकडं जंगलात ओढत नेलं अन् तारेचं एक भेंडोळं अंगावर टाकलं. पोलिसाले सांगतलं का झाडू चोरून शिकार करत होता, आपल्याच तारेनं मेला.

त्याची बायको मीराबाई ठाण्यात ओरडली का तार यांच्याच वावरात होती. प्रफुलनं मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला. म्हणे, माह्या आत्यानं काढला, चंद्रपूरले प्रदर्शनात लागला, तारीख पाहा, याच दिवाळीची, कुठी हाय तार? जमादार म्हणे, फोटो लय साजरा हाय. येताना प्रफुलनं मीराबाईले रस्त्यावर झोडपलं. तिचे समोरचे दात पाडले. गाव पाहून राह्यलं होतं.

तार परत लावली हाय. कापणी बाकी हाय ना.

तो माहा लेक हाय, बाई. हे तुमच्याजवळच ठेवा. पण कोणाले सांगतल्याबिगर घास उतरत नव्हता.

राग नसावा, जीव असावा.

तुमची,
कमला


चंद्रपूर,
२ डिसेंबर

चि. सौ. कमलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे.

तुझं नाव न घेता मी रामाजीला फोन केला. मूळ फोटो माझ्याकडे आहे, त्यात तार आहे, दोघं आपल्या पायांनी ठाण्यात जा, असं सांगितलं. माझ्या धाकट्या भावाने मला घर फोडणारी म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रफुल आला. पाया पडला, चहा प्यायला, बशी धुऊन ठेवली. मग कॅमेरा फरशीवर आपटला, माझ्याच स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि कॉम्प्युटरचा चुरा केला. मी आडवी गेले तर तोच वरवंटा माझ्या मनगटावर. दोन्ही हाडं मोडली. दवाखान्यात एक्स-रे काढणारी पोरगी माझा हात वाकडा ठेवत होती. तो आधी सरळ ठेवायला लावला.

गाढवाला वाटलं, फोटो मेला. एक प्रत प्रणितकडे आहे, एक बँकेच्या लॉकरमध्ये, आणि मी पुसलेलं सगळं वरवरचं. कॅमेऱ्याने पाहिलेली तार मूळ फोटोत जशीच्या तशी आहे. आज मी आणि प्रणित तुमच्या ठाण्यात जाऊन ती देऊन आलो, आणि या मनगटाची तक्रारही. मी ज्याला हातांवर वाढवलं त्याच्याविरुद्ध डाव्या हाताने सही केली.

पण साहेब म्हणाले की तार दिसते, तिच्यातला करंट दिसत नाही. तार कपडे वाळवायलाही असते, म्हणाले. मला संताप आला, कारण माणूस बरोबर बोलत होता. झाडूची बोटं मेल्यावर मोडलेली आहेत हे डॉक्टर सांगतील. कोणी मोडली ते हाड सांगत नाही. ते तू पाहिलंस.

प्रफुल तुझा लेक आहे, ठाऊक आहे. जन्मला तेव्हा तुझ्याआधी मी त्याला हातात घेतलं होतं. पण कमला, मी तार पुसली ती न कळून. तू गप्प राहिलीस तर कळून पुसशील. आणि त्या बांधावरून आता कोण पाणी पाहायला जातं, याचाही विचार कर.

माझ्या घराचं दार तुला उघडं आहे. लोभ मागत नाही, ये म्हणते.

तुझी,
रश्मी


पळसटोला,
९ डिसेंबर

ती. रश्मीबाईस,
कमलाचा जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र प्रफुलच्या हाती लागलं. त्यानं ते अंगणात मोठ्यानं वाचलं अन् मले बैल हाकाच्या काठीनं, तुतारीनं, मारलं. तिच्या टोकाची लोखंडी आर पाठीत दोन जागी घुसली. तुमचा भाऊ खाटेवर बसून होता. म्हणे, पुरे कर, उद्या कापणीले बाया पाह्यजे.

सकाळी ते वावरात गेले. मी भिंतीवरचा तुमचा फोटो काढला, लुगड्यात गुंडाळला, एसटीनं ठाण्यात गेली. जमादार म्हणे, काऊन आली, बाई? मी म्हणलं, पेन दे. फ्रेमची काच काढली अन् फोटोवर पेनानं तार काढली, पाण्याच्या मोटारच्या खोलीपासून बाभळीपर्यंत. खुट्या काढल्या. करंट घेते तो खांब काढला. झाडू बसला होता तिथी फुली मारली. बोटं कोणी मोडले ते सांगतलं. नवऱ्याचं नाव आजपर्यंत तोंडानं घेतलं नव्हतं, ते लिहून देल्लं. लेकाचं नाव दोनदा लिवा लागलं, पयल्यांदा अक्षर लागलं नाई.

मग साहेबानं तुमचा मूळ फोटो कॉम्प्युटरवर लावला. माही तार अन् तुमची तार एकाच जागी होती.

दोघाले नेलं. तुमच्या भावानं माह्याकडं पाह्यलं नाई. प्रफुल गाडी वळेपर्यंत पाहून राह्यला होता. तार लाइनमननं काढून नेली.

सध्या मी मीराबाईच्या घरी हावो. तिनं माह्या पाठीले हळद लावली, पण इतकी दाबून चोळली का मी ओरडली. तिनं हात हलका केला नाई. मीही पाठ हलवली नाई.

तुमचा फोटो पोलिसांपाशी जमा हाय. इतका साजरा होता, मी पेनानं खराब केला.

पुढचं पत्र मीराबाईच्या पत्त्यावर टाका. हात सांभाळा.

तुमची,
कमला