माधवचा दुसरा साप

लेस्टर,
शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप यमुनाताईंना सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आणि दिवाळी अंक एकाच दिवशी हातात पडले. गुडघा कसा आहे? डॉक्टर नको म्हणालेत तर जिना चढू नका, वाळवण पुढच्या वर्षी घालता येईल. इकडे हीटिंग सुरू करावं लागलं. बेलग्रेव्ह रोडवर दिव्यांच्या माळा लागल्यात. ईशानी मँचेस्टरच्या नव्या नोकरीत रुळली आहे, एक शनिवार सोडून एक शनिवार येते.

माधव स्वतः बहिणीला दोन ओळी का लिहीत नाही, असं तुम्ही विचारलंय. सांगते. पण आधी गेल्या शनिवारचं सांगते.

आम्ही साप बघायला गेलो होतो. सापाचं नाव काढलं की तुम्ही कानावर हात ठेवता, तरी ऐका. ईशानी तेरा वर्षांची असताना तिच्या हट्टापायी कॉर्न स्नेक आणला होता, ती केशर. नागपंचमीला तिला दूध देतेस का, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत आणि माधव दिवसभर हसत होता. ईशानी युनिव्हर्सिटीत गेली आणि केशर माधवची झाली. कॉर्न स्नेक म्हणजे नवशिक्यांचा साप. गरीब स्वभावाचा, दिलं ते खाणारा, चार चुका पोटात घालणारा. पण माधवने चूक कधी केलीच नाही. कारखान्यात मशीन सांभाळायचा तशीच ती काचेची पेटी सांभाळली. एका बाजूला ऊब, दुसरीकडे गार, थर्मोस्टॅटची तपासणी दर रविवारी.

गेला महिनाभर त्याने धोशा लावला होता. "नऊ वर्षं सोपा साप पाळला. आता रॉयल पायथन आणू या. तो लाजरा असतो, चार-चार महिने जेवत नाही. त्याला कळणारा माणूस लागतो." मी आधी टाळलं, मग नेलं. लफबरोजवळ जोन नावाच्या एक बाई घरीच साप वाढवतात, त्यांच्याकडे.

जोनने त्याची चक्क परीक्षा घेतली. ऊब किती, दमटपणा किती, जेवला नाही तर काय कराल. माधवने सगळी उत्तरं बिनचूक दिली. त्या खूश झाल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, माधवच्या डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल.

मग त्यांनी सहज विचारलं, "आणि पहिली कशी आहे तुमची?"

माधव माझ्याकडे वळला. मराठीत म्हणाला, "सुनेत्रा, केशर कशी आहे गं?"

मी म्हटलं, "बरी आहे."

ताई, केशर ऑगस्टमध्येच गेली.

त्या दिवशी पेटी साफ करताना त्याने थर्मोस्टॅटची ऊब मोजणारी वायर बाहेर काढली आणि परत आत घातली नाही. वायर बाहेरच्या गारव्यात लोंबत राहिली, आणि आतली हीट मॅट तापतच राहिली. मी लायब्ररीतून आले तेव्हा तो केशरला मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. आम्ही दोघांनी तिला बागेत पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "केशरला खायला द्यायचा दिवस आज ना?" मी सांगितलं. तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तसाच रडला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, ती पेटीतल्या ओंडक्याखाली आहे, कात टाकतेय, उघडू नकोस. तेव्हापासून ती कातच टाकतेय. मी रिकाम्या पेटीची मॅट चालू ठेवते, कारण तो रोज थर्मामीटर बघतो आणि "बत्तीस, छान" म्हणतो.

आणखी एक आहे, हे ईशानीलाही माहीत नाही. ती लोंबणारी वायर मी त्या सकाळी कामाला निघताना पाहिली होती. कोट घालत होते, बस चुकली असती. मनात आलं, माधव लावेल. तो कधी विसरत नाही. मार्चपासून मला ठाऊक होतं की तो विसरतो, तरी असं मनात आलं.

तर जोनने रॉयल पायथनचं एक काळपट पिल्लू माधवच्या हातात दिलं. पिल्लाने डोकं आत घालून स्वतःचा चेंडू केला. माधव कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होता. "हा खातो काय?" त्याने विचारलं. जोनने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं. मग तो घाबऱ्या आवाजात मला म्हणाला, "केशर अशी काळी का पडली? काय केलंस तिला?"

जोनला मराठी कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. पिल्लू त्यांनी हळूच काढून घेतलं. "नाही देता येणार, माय डिअर," असं त्या मला म्हणाल्या, त्याला नाही. दारापर्यंत सोडायला आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. मला राग यायला हवा होता. मला फक्त तिथेच राहावंसं वाटलं, त्या अनोळखी बाईच्या दारात.

गाडीत बसल्यावर माधवने घड्याळ बघितलं. "साडेतीन झाले. ईशानीला शाळेतून घ्यायचंय." ईशानी बावीस वर्षांची आहे. मी घराकडे वळण्याआधी तिच्या शाळेवरून गाडी नेली. शनिवार होता, फाटक बंद होतं. "आज सुट्टी आहे वाटतं," तो म्हणाला.

मार्चमध्ये तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही कोणाला तरी विचारत बसाल. त्रेपन्नाव्या वर्षी क्वचितच होतो म्हणाले. गोळ्यांनी थोडा वेळ मिळतो, माणूस परत मिळत नाही. पुण्याला आणून उपयोग नाही, अंगारे-धुपारे, वैद्य, कशाचाच नाही. माझं सगळं विचारून झालंय.

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा मी सांगते, तो अंघोळीला गेलाय, बागेत आहे, झोपलाय. ताई, तो माझ्या शेजारीच बसलेला असतो. तुमचा आवाज ऐकून विचारतो, "कोण बाई आहे?" हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून सात महिने खोटं बोलले. मला माफ करा.

भाऊबीजेला तुम्ही फोन कराल. या वेळी मी तो त्याच्या हातात देईन. मागे ईशानीचा फोन होता तर तिला तो आई म्हणाला. तुम्हालाही म्हणेल. तर त्याला दुरुस्त करू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

दर पत्राच्या शेवटी मी लिहीत आले, माधवने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. या वेळी सांगितलेला नाही.

तुमची,
सुनेत्रा