दुसऱ्या नावाची जागा

प्रिय वहिनी,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दादरच्या खोलीवरून मी अण्णाला पोस्टकार्ड टाकायचो, त्यात शेवटी 'वहिनीस नमस्कार' लिहिलं की माझं काम संपायचं. आज लिहितोय ते अण्णाने सांगितलं म्हणून. काल रविवारी घरी गेलो होतो. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते ओटीवर बसून त्याला सगळं सांगितलं. हातातली विडी विझेपर्यंत तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मला कशाला सांगतोस रं? तिला सांग."

तुला जाऊन चार महिने झाले. आता कसं सांगू? तरी सांगतो.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी सहावीत होतो. चांगला सात वर्षांनी लहान, तरी तू मला 'भावजी' म्हणायचीस, 'तुमी' म्हणायचीस. मी मात्र तुला सरळ अगंतुगं करायचो. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तुझं शिक्षण चौथीपर्यंत, माझं पुढे मॅट्रिक झालं, आणि घरात शिकलेला मी एकटाच असल्याचा माज मला होता, हे तुलाही ठाऊक होतं ना?

खालापूरच्या कचेरीत मला हंगामी कारकुनी लागली. अण्णा साजगावच्या कारखान्यात पाळीला जायचा, भातशेतीचं सगळं तुझ्या अंगावर. मी कचेरीतून खराब झालेले फॉर्म घरी आणायचो आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला चित्रकथा काढायचो. मुंबईच्या मुलांच्या मासिकात यायच्या तशा. एकेक चौकट कापून सारवलेल्या जमिनीवर मांडून बघायचो. चित्रं बरी जमायची, पण गोष्ट काही केल्या चालायची नाही. का चालत नाही ते कळायचं नाही.

एकदा तू गोठ्यातून आलीस, ओले हात लुगड्याला पुसत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ही म्हातारी बोलते किती वो. तिला नुसती चालू द्या ना."

म्हातारीची शेळी हरवते आणि ती दिवसभर डोंगरात शोधत फिरते, अशी ती गोष्ट होती. माझी. शेळी घरातच होती हे मी दुसऱ्याच चौकटीत दाखवून टाकलं होतं. तू खाली बसलीस. ती चौकट उचलून बाजूला ठेवलीस. मग आणखी तीन काढल्यास. म्हातारीच्या तोंडचं सगळं बोलणं काढायला लावलंस. घरातली भाजीची टोपली प्रत्येक वेळी थोडी थोडी रिकामी होताना दाखवा म्हणालीस, शेळी दाखवू नका. शेवटच्या चौकटीत म्हातारी थकून परत येते, टोपलीत हात घालते आणि हाताला शिंग लागतं.

मी हसलो. मोठ्याने हसलो. स्वतःच्याच गोष्टीला मी पहिल्यांदा हसलो होतो.

त्यानंतर दीड वर्ष असंच चाललं. मी काढायचो, तू मांडायचीस. हळूहळू गोष्टीही तुझ्याच यायला लागल्या. तांदूळ निवडता निवडता सांगायचीस, आणि मी तुला मदत करतोय असा तोरा मिरवायचो.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात कर्जतच्या एका शाळेत मेळावा भरला. मुंबईहून संपादक येणार होते, नावाजलेले चित्रकार येणार होते. नव्या मुलांनी आपली चित्रं घेऊन यावं, जाणकार बघून सांगतील, असं कचेरीतल्या एकाने पेपरात वाचून दाखवलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तू म्हणालीस, मी येते. ही पुस्तकं काढणारी माणसं दिसतात कशी ते बघायचंय. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलीस. माझ्या चित्रांना पुठ्ठ्याची फाईल शिवून दिलीस, दाभणाने.

शाळेच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडली होती. आपला नंबर सव्विसावा. पहिल्या टेबलावरच्या चित्रकारांनी पाच पानं बघून सांगितलं, तुमच्या माणसांचे हात लाकडाचे आहेत, आधी हात काढायला शिका. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ कुणाशी तरी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी माझी फाईल उलटली आणि परत दिली. परत जाऊ म्हणून मी वळलो, तेव्हा तूच मला तिसऱ्या टेबलाकडे ढकललंस. आठवतं?

तिथे ते संपादक बसले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग परत पहिल्यावर आले. शेळीच्या शेवटच्या चौकटीला ते हसले, मी हसलो होतो तसेच. म्हणाले, चित्रं अजून कच्ची आहेत, पण गोष्ट कशी मांडायची हे ज्याला कळलंय असा माणूस मला वर्षभर सापडलेला नाही. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "शेळी शेवटपर्यंत दाखवायची नाही, हे सुचलं कुणाला?"

तू माझ्या मागे उभी होतीस. भाकरीची पिशवी तुझ्या हातात होती. हात मागे केला असता तर तुझ्या पदराला लागला असता, इतकी जवळ.

मी म्हणालो, "मलाच."

त्यांनी तुझ्याकडे बघितलं. ह्या कोण, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "वहिनी आहे. सोबत आलीय."

वहिनी, मी घाबरलो होतो, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. खरं तसं नव्हतं. मला नीट विचार करायला वेळ होता. चौथी शिकलेली, लुगडं नेसलेली बाई आणि मी, असे दोघं मिळून हे करतो म्हटलं तर ते हसतील असं वाटलं. आणि त्याहून खरं सांगायचं तर ते कौतुक मला एकट्याला हवं होतं. दोन टेबलांवर माझा एकट्याचा पाणउतारा झाला होता ना? मग तिसऱ्यावरचं वाटून का घ्यायचं? इतका हलका विचार.

येताना एसटीत तू खिडकीशी बसलीस. मी उगाच हॉलमधल्या गर्दीबद्दल बोलत राहिलो. बऱ्याच वेळाने तू विचारलंस, "शेळी आवडली ना त्यांना?"

"आवडली."

"मंग झालं," म्हणालीस आणि पिशवीतली भाकरी काढून माझ्या हातात दिलीस. तू रागावली असतीस तर मी तिथेच खरं कबूल केलं असतं का? कुणास ठाऊक. तुझ्या न रागावण्याचा मी फायदा घेतला एवढं मात्र खरं.

पुढचं तुला माहीतच आहे. शेळी छापून आली. मग दर महिन्याला एक. दोन वर्षांत त्यांनी मला मासिकातच नोकरी दिली, मी मुंबईला राहायला गेलो. महिन्यातल्या एका रविवारी चौकटींचं पुडकं घेऊन घरी यायचो. गावात सगळ्यांना वाटायचं, पोराला घराची किती ओढ. लावणी असो, झोडणी असो, सुमन पोटात असो, तू वेळ काढून बसायचीस. सुमनच्या वेळी तू माहेरी गेलीस तेव्हा दोन गोष्टी मी एकट्याने करून दिल्या. संपादकांनी दोन्ही परत केल्या. ह्या तुमच्या वाटत नाहीत, म्हणाले. मी तब्येतीचं कारण सांगितलं आणि तुझ्या माहेरी पुडकं घेऊन आलो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळत उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, पुतणी बघायला आला.

एकदाच, फक्त एकदाच तू विचारलंस. मासिक हातात होतं. 'कथा आणि चित्रे' ह्या ओळीखाली माझं नाव तू बोटाने, अक्षर लावत वाचलंस. म्हणालीस, "भावजी, खाली बारीक अक्षरात माझं घातलं तर चालत नाय का?"

मी सांगितलं, संपादक दोन नावं छापत नाहीत. तसा नियमच आहे.

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

तू 'बरं' म्हणालीस आणि मासिक फडताळात नेऊन ठेवलंस.

आता जे लिहायचंय ते अण्णालाही मी सगळ्यात शेवटी सांगितलं. तुला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग कर्जतला नेलं, मग घरी आणलं. मी भेटायला आलो. डोळे हळदीसारखे, ओठ सुकलेले, तुला उठून बसवत नव्हतं. अण्णा पाणी तापवायला आत गेला. आणि मी, वहिनी, मी पिशवीतून पुडकं काढलं. तुझ्या अंथरुणाशेजारी चौकटी मांडल्या. अंक चार दिवसांत जायचा होता.

तू मान वळवून बघितलंस. हात वर उचलेना, तर बोटाने दोन चौकटींची अदलाबदल केलीस. मग डोळे मिटलेस.

अण्णा बाहेर आला तेव्हा मी ते गोळा करत होतो. त्याने बघितलं. गरम पाण्याचं भांडं तुझ्या उशाशी ठेवलं.

नऊ दिवसांनी तू गेलीस. ती गोष्ट छापून आली तेव्हा तुझं तेरावं नुकतंच झालं होतं. वाचकांची पत्रं आली, ह्या वर्षातली सगळ्यात छान गोष्ट म्हणून. ती पत्रं मी फोडून वाचली आणि टेबलाच्या खणात कोंबली.

त्यानंतर मला काही जमलं नाही. तीन महिने जुनीच चित्रं फिरवून दिली. शेवटी गेल्या आठवड्यात संपादकांनी खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि घरी काही झालंय का म्हणून आपुलकीने विचारलं. मी सांगून टाकलं. शेळीपासून सगळं. वाटलं, आता हाकलतील.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "अहो, मग तेव्हाच सांगायचं. कथेच्या नावाची जागा आपल्याकडे वेगळीच असते. पहिल्या अंकापासून तुम्हीच दोन्ही ओळी एक करून देत होतात."

वहिनी, जागा होती. पहिल्या दिवसापासून होती. तुझ्या नावाची जागा मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने पुसत होतो.

अण्णाला हे सगळं माहीत होतं, हे मला काल कळलं. तूच त्याला म्हणाली होतीस म्हणे, भावजींना काही बोलू नका, त्यांची नोकरी हाय. मी सांगत होतो तेव्हा सुमन उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. आता चांगली मोठी झालीय, नजर अगदी तुझी. तिने मला विचारलं, "आईला राग नाय आला?" मी म्हटलं, मला दिसला नाही. ती म्हणाली, "तुमी बघितलंत का?"



माफी मागायला मी हे लिहीत नाही. तू 'मंग झालं' म्हणून मोकळी होशील, आणि तसं मला सुटायचं नाहीये. संपादकांनी ह्या सगळ्या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. त्यावर आधी तुझं नाव येईल, 'कथा: यमुना' म्हणून, आणि खाली 'चित्रे' म्हणून माझं. पुढच्या अंकात मी काय केलं ते माझ्या सहीने छापून येणार आहे. तो मजकूर मी लिहून दिलाय, त्यात स्वतःला वाचवणारा एकही शब्द ठेवलेला नाही.

पण मी वचन देतोय ते वेगळं. तुझी आई अजून आहे. तिला वाचता येत नाही. आपली लेक जन्मभर चिखलात राबली आणि गेली, एवढंच तिला माहीत आहे. पुस्तक आलं की पहिली प्रत घेऊन मी तुझ्या माहेरी जाईन. तिच्यासमोर बसून एकेक पान दाखवीन, एकेक गोष्ट वाचून दाखवीन आणि प्रत्येक गोष्टीनंतर सांगीन, ही तुमच्या यमूची. ती मला विचारेल, मंग इतकी वर्षं का नाय सांगितलंस? तेव्हा मी उठून जाणार नाही. तिचं बोलून होईपर्यंत तिथेच बसून राहीन.

तुझा,
बाळू