बंद फोनवर तुहं नाव

कळमना, नागपूर
मंगळवार, १७ जून २०२५

भैरवी,

लहाने, तुले खूप आशीर्वाद वं. इकडं आम्ही बरे आहो. तुह्या मिहानच्या ऑफिसात एसी असन, इकडं कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला. मिनू आता सहा महिन्याची झाली. लय गुणाची आहे. कुकरच्या शिट्टीनंही उठत नाही.

कागदावर लिहून राहिली, कारण मोबाईलवर आता माहा भरोसा नाही. कोणाचं कुठं झळकन, सांगता येत नाही.

परवा तुह्या जिजाजीचा फोन अपडेट झाला. पहिले त्यायचे मेल चुपचाप येऊन पडत. अडतीच्या दुकानातली बिलं असतीन म्हणून मी कधी पाहत नव्हती. अपडेट झाल्यापासून मेल आला का फोन टुण वाजते, आन बंद फोनवरही नाव आन दोन ओळी दिसते. हे आंघोळीले गेले होते. टुण झालं. पाहते तं तुहं नाव.

‘ताईला अजून सांगू नका. शनिवारी धरमपेठेत आपण दोघंच जाऊ.’

व्हाट्सॲप मी पाहते म्हणून मेलवर! मी नववी नापास, तू पगारवाली. तुह्या कानात झुमके, माह्या पदराले दुधाचा वास. तुमची साळी-जिजाची मस्करी चाले तं मीच दात काढत होती. शेजारची प्रयागबाई म्हणे, “साली आधी घरवाली, माहीत नाही काय वं तुले?” तिले मी वरून चहा पाजला.

हे बाहेर आले तसा फोन तोंडावर धरला. “माह्या बहिणीसंग धरमपेठेत कायले जाता?”

ओल्या अंगानंच उभे राहिले. फोन उघडून सगळे मेल दाखवले.

धरमपेठेतल्या कानाच्या डॉक्टरचे होते, तू यायले पाठवलेले. लस टोचाले म्हणून तुम्ही दोघं मिनूले घेऊन गेले, तेव्हाच तिचे कान तपासले. दोन्ही कानानं लय कमी ऐकू येते. शनिवारी कानात मशीन बसवतीन.

“तू भेशील म्हणून भैरवी म्हणे, थांबा,” हे म्हणाले.

खरं सांगू? ते लफडंच असतं तं तुह्या झिंज्या धरून मोकळी झाली असती. आता कोणाच्या धरू?

आन मले माहीत नव्हतं असं नाही. हे दुकानात गेले का मी मिनूच्या मांगून ताट आपटून पाहत होती. ती वळे नाही. मी कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तं खरं होईन, असं वाटे. पण डॉक्टरच्या तोंडून मावशीनं ऐकलं, मायनं नाही. नवऱ्यावरच्या संशयानं जळली नाही तेवढी याच्यानं जळून राहिली वं मी.

शनिवारी मिनूले मीच घेऊन जाईन. डॉक्टरचं इंग्रजी समजाले तू पाहिजे, म्हणून येजो. पण मशीन सुरू झाली का तू चूप राहजो. यायलेही सांगून ठेवलं. तिच्या कानात पहिला आवाज माहा गेला पाहिजे.

मिनूची माय,
सुमती