कॅनडाचे स्थळ

सापगाव, ता. शहापूर
५ ऑगस्ट २००६

चि. सौ. संजीवनीस,
बाबांचे अ. उ. आ.

तुझा लेक आदेश आमच्याकडे राहून वाशिंदच्या डब्यांच्या कारखान्यात नेमाने जात होता, तोवर मला घोर नव्हता. गेल्या महिन्यात त्याने शहापूरच्या सायबर कॅफेत बसून कॉम्प्युटरवर नोकरीसाठी आपले नाव टाकले. तेव्हापासून रोज कोणीतरी त्याला बोलावते. एकाला तो जहाजावर आचारी हवा, एकाला दुबईत नर्स. कुठल्याशा राजाची विधवा तर त्याला कारभारी नेमायला बसली आहे. पोराला धड चहा करता येत नाही.

आता कॅनडाच्या एका हॉटेलाने त्याला न बघताच पसंत केले. नोकरी सोडल्याचा कागद आणि फी पाठवा, मग विमानाचे तिकीट, असे त्यांचे म्हणणे. याने राजीनामा लिहून ठेवला आहे, सोमवारी १४ तारखेला देणार. मी म्हटले, पोरगी देताना आपण घर बघून येतो, मग पोरगा असाच द्यायचा? तर हसतो. हॉटेलाच्या पत्रावर ठाण्याच्या कचेरीचा पत्ता आहे. शुक्रवारी शेजारच्या बुधूला घेऊन स्थळ बघून येतो. फोन करू नकोस, दुकानात सगळे कान लावून ऐकतात.

म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझा बाबा,
नामा

मुरबाड
९ ऑगस्ट २००६

ती. बाबांस,
संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

माझे स्थळ बघायला आलात तेव्हा तुम्ही गोठ्यातल्या म्हशी मोजल्या, विहिरीचे पाणी चाखले, शेजारच्या सकुबाईला माणसे कशी ते विचारले. नवरा महिन्यातून चार वाक्ये बोलतो, हे तेवढे विचारायचे राहिले. पाणी गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

त्याच नवऱ्याने आदेश कॅनडाला चालला म्हणून अख्ख्या आळीला सांगून वर्षाची वाक्ये संपवली. सकुबाई स्वेटर विणायला बसली. काल एक सोयरीकही आली. मुलीच्या बापाने विचारले, तिकडे भात पिकतो का.

हसते आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. कारखान्याच्या दाराशी पोरांची रांग असते. एकदा सुटलेली जागा परत कोण देणार? तुम्ही परत येईपर्यंत तो राजीनामा त्याला देऊ देऊ नका.

पावसात जपून जा. रागावलात तरी लोभ तसाच राहू द्या.
तुमची,
संजीवनी

सापगाव
१६ ऑगस्ट २००६

चि. सौ. संजीवनीस,
अ. उ. आ.

जाऊन आलो. स्थळ चांगले निघाले तर द्यावा म्हणून नारळ नेला होता. पत्त्यावर पिठाची गिरणी, वर माळ्यावर बंद शटर. पायऱ्यांवर दोन म्हातारे आधीच बसलेले, एक विक्रमगडचा, एक जुन्नरचा. तेही नातवाचे स्थळ बघायला आलेले! गिरणीवाला म्हणाला, आठवड्यात तुमी एकविसावे, बाबा. पाटी लावणारा भाडे बुडवून पाटीसकट पळाला. जुन्नरवाल्याच्या नातवाने नोकरी सोडलेली होती. त्याच्या तोंडाकडे बघवेना. नारळ तिथेच फोडून चौघांनी खाल्ला.

घरी येऊन आदेशला सांगितले, तेव्हा खरे काय ते कळले. मी अडवीन म्हणून त्याने त्याच सकाळी, मी ठाण्याला निघाल्यावर, राजीनामा देऊन टाकला होता.

सोमवारी मीच त्याला घेऊन कारखान्यात गेलो. हात जोडायचे, पाया पडायचे, सगळे ठरवून. सुपरवायझर शेखर गायकर आपले सामान पिशवीत भरत होता. आदेशचा लिफाफा खणात न फोडलेलाच होता, तो त्याने परत दिला. म्हणाला, आजोबा, मीच नोकरी सोडून चाललोय, आता कोनाचे कागद घेऊ? कुठे म्हणून विचारले, तर कॅनडाला. हॉटेलही तेच.

आदेशची जागा राहिली. मी शेखरला गिरणी, शटर, सगळे सांगितले. तर म्हणे, तुमी गावची मानसं, तुमाला इंटरनेट कळायचा नाय. वर आदेशच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुझा सिलेक्शन झाला नसेल, वाईट वाटून घेऊ नको रे.

मी त्याच्या वडिलांचा पत्ता मागून घेतला आहे. आता त्यांना कार्ड लिहायला बसतो, गिरणीचा पत्ता मोठ्या अक्षरात.

तू काळजी करू नकोस, ती करायला मी आहे. आठवण ठेव.
तुझा बाबा,
नामा