उजव्या बाजूचा स्वार

मी, सायलस वॅडलो, वय एकसष्ट, धंदा तांब्याच्या पत्र्यावर थट्टेची चित्रे कोरण्याचा, राहणार लेदर लेन, हॉबर्न, लंडन, मिसेस पेग्लर यांच्या घरी तिसरा मजला, आज माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे न लागता हे मृत्युपत्र करीत आहे. छातीचा मात्र भरवसा नाही. पस्तीस वर्षे तांबे खाणाऱ्या तेजाबाची वाफ ओढली. डॉक्टर ईस्टरपर्यंत म्हणतात, आणि ते सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. हात कापतो म्हणून वकिलांचे कारकून मिस्टर फेन मी सांगेन तसे लिहून घेत आहेत. मृत्युपत्रात एवढ्या गप्पा घालायच्या नसतात, असे त्यांनी दोनदा सुचवून पाहिले. वाटून देण्यासारखे माझ्यापाशी दुसरे फारसे नाही, असे मी त्यांना सांगितले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. बायको नाही, मूल नाही, जमीन नाही, घोडा तर नाहीच. दोनशेअकरा घोडे मी कोरले, पण जन्मात एकदाही घोड्यावर बसलो नाही. मला घोड्यांची भीती वाटते.

हे सारे खरे तर चौथ्या कलमासाठी चालले आहे. ते हेस्टर टिंडल हिच्यासाठी आहे. तिने ते घेतले नाही तर बाकीच्या कलमांना काही अर्थ नाही, पण मिस्टर फेन म्हणतात की क्रमाने जायला हवे.

कलम पहिले. माझी खुर्ची, गादी, दोन घोंगड्या, चहाची किटली आणि खाली जे उरेल ते सगळे घरमालकीण मिसेस पेग्लर यांना. त्यांनी मला अकरा वर्षे कोबीचे पाणी सूप म्हणून पाजले. मी ते प्यालो आणि कधी तक्रार केली नाही. ती इथे करून ठेवतो. बाई मनाने चांगल्या आहेत. आजारपणात त्यांनीच मला पाणी दिले, आणि त्यात कोबी घातला नाही.

कलम दुसरे. सुया, कोरण्या, मेणाचे गोळे, तेजाबाची भांडी आणि खिळ्यावरचा आरसा नथॅनियल क्रिम्प या कोरणाऱ्यास. माझे घोडे पाय फुटलेल्या कोचासारखे दिसतात असे हा गृहस्थ चारचौघांत म्हणाला होता. त्याचे खरे होते, म्हणूनच मी पंधरा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. हत्यारे तरी चांगल्या हातात जावीत. आरशाबद्दल मात्र एक अट आहे. तांब्यावर जे काढाल ते कागदावर उलटे उतरते, डावे ते उजवे होते. म्हणून आपण आरशात बघून कोरतो. हे क्रिम्पला मी शिकवायला नको. पण कितीही घाई असली आणि आरसा कितीही लांब असला तरी त्याने तो आणून समोर टांगावा. जिने उतरायचा कंटाळा करू नये.

कलम तिसरे. चित्रांचे दुकानदार मिस्टर गोमर्सल यांना मी काहीही देत नाही. माझे त्यांना आधीच सगळे देऊन झाले आहे. तलावात बसकण मारलेल्या घोड्यावर छत्री उघडून बसलेला वकील मी त्यांना दिला. घोड्याच्या गळ्याला मिठी मारून त्याच्या कानात विनवण्या करणारा मेणबत्तीवाला दिला. ज्याचा विग झाडाला लटकला आणि जो स्वतः पुढच्या गावी पोचला तो पाद्री दिला. आणि तो जाडा नगरसेवक, ज्याला चढवायला चार माणसे लागली आणि उतरवायला एक गांधीलमाशी पुरली, तोही दिला. रविवारी भाड्याचे घोडे घेऊन हाइड पार्कात मिरवणाऱ्या दुकानदारांना हसणे हा या शहराचा जुना आवडता उद्योग आहे. गोमर्सल यांच्या काचेपुढे सकाळपासून गर्दी असे. सरदार हसत, कारण चित्रातला माणूस दुकानदार होता. दुकानदार हसत, कारण तो आपण नसून शेजारचा आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. मीही हसलो. मला कोणी घोड्यावर पाहिलेच नव्हते, त्यामुळे मी सुरक्षित होतो.

कलम चौथे. हे कलम मिस्टर फेन यांनी जसेच्या तसे लिहावे, सुधारू नये.

हॉबर्नमध्ये ॲम्ब्रोज टिंडल याचे हातमोज्यांचे दुकान होते. स्वारीचे मोजे ही त्याची खासियत. मोठमोठे लोक त्याच्याकडून नेत. तो उत्तरेकडच्या डोंगराळ वेस्टमरलंडचा. बाप तट्टांवरून माल वाहायचा, त्यामुळे ॲम्ब्रोज चालायला शिकला त्याच्या आधी घोड्यावर बसायला शिकला. भाड्याचे मरतुकडे घोडेसुद्धा त्याच्याखाली मान वर करून चालत. त्याचे नाक लांब, हनुवटी त्याहून लांब, आणि मन मोठे. दर रविवारी मी त्याच्याकडे उकडलेले मटण खायला जात असे. त्याची बायको आधीच गेली होती. मुलगी हेस्टर सहा वर्षांची असल्यापासून मला सायलसकाका म्हणायची आणि माझ्याकडून डुकरांची चित्रे काढून घ्यायची, कारण माझे घोडे तिलाही आवडत नसत.

१८०६च्या वसंतात गोमर्सल यांनी माझ्याकडे बारा चित्रांची मालिका मागितली. पहिल्या चित्रात एक नीट स्वार दाखवायचा, खाली मथळा ‘घोड्यावर कसे चढावे’, आणि पुढे अकरा गाढव स्वार. नीट स्वार म्हणून मी ॲम्ब्रोजला उभे केले. तबेल्याच्या अंगणात डावा पाय रिकिबीत आणि हात आयाळीवर ठेवून तो अर्धा तास तसाच राहिला. “सायलस, आटप लवकर. घोडा कंटाळलाय. मी काय, मी उभा राहीन,” असे तो म्हणत होता.

शनिवारपर्यंत पत्रा हवा होता. आरसा मी दाढीसाठी खाली नेला होता. दोन जिने उतरून तो आणायचा कंटाळा आला, आणि चित्र कागदावर जसे होते तसेच मी तांब्यावर कोरले. अक्षरे कोरणारा माणूस वेगळा असतो. त्याने आपले काम चोख केले. छापल्यावर मथळा सरळ आला आणि ॲम्ब्रोज उजव्या बाजूने घोड्यावर चढताना दिसला.

घोड्यावर डाव्या बाजूने चढतात, हे लंडनमधल्या मासेवालीलाही ठाऊक आहे. पहिली प्रत हातात घेऊन गोमर्सल खुर्चीत मागे कोसळले आणि डोळे पुसत म्हणाले, “वॅडलो, कमाल केलीस. चढायला शिकवणारालाच बाजू माहीत नाही!” त्या क्षणी खरे सांगायला माझ्या तोंडाला कुलूप नव्हते. पण इतक्या वर्षांत माझ्या कामावर कोणी असे हसले नव्हते. मी मान लववली आणि शाबासकी घेतली.

ते चित्र बाकीच्या अकरांपेक्षा जास्त खपले. ते नाक आणि ती हनुवटी हॉबर्नमध्ये कोणाला ओळखू येणार नाही? दुकानापुढून जाताना घोडे सांभाळणारे साईस लोक शिट्ट्या मारू लागले. ज्याला स्वारीतले ओ की ठो कळत नाही, त्याच्याकडून स्वारीचे मोजे कोण घेणार? एका रविवारी मटण वाढता वाढता त्याने मला विचारले, “सायलस, त्या दिवशी मी कुठल्या बाजूने चढलो होतो रे?” त्याने अगदी साधेपणाने विचारले. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

मी म्हणालो, “आठवत नाही रे.” आणि मटण खाल्ले.

मे महिन्यात तो तोच घोडा घेऊन हाइड पार्कात गेला, सगळ्यांसमोर एकदा नीट चढून दाखवायला. मी झाडाखाली उभा होतो. लोक जमले. कोणीतरी ओरडले, “साहेब, उजवीकडून!” तो डावीकडे उभा होता. तो घोड्याला वळसा घालून उजवीकडे गेला, थबकला, परत डावीकडे आला आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने लगाम साईसाच्या हातात दिला आणि चालत घरी गेला. चाळीस वर्षे घोड्यावर काढलेल्या माणसाला आपला पाय कोणता टाकायचा ते कळेनासे झाले, आणि ते मी केले. पुन्हा त्याने घोड्याला हात लावला नाही. दोन वर्षांत दुकान बंद झाले. तो दुसऱ्याच्या दुकानात मागच्या खोलीत कातडी कापू लागला. या जानेवारीत वारला.

हेस्टर गोमर्सल यांच्याकडे चित्रे रंगवायला लागली. तिथे लांब टेबलाशी बायका बसतात, प्रत्येकीकडे एक रंग. हेस्टरकडे तांबडा आला. गोमर्सल मागून येऊन म्हणत, त्या उजवीकडच्या स्वाराचे नाक अजून लाल हवे. मी पत्रे पोचवायला जायचो तेव्हा ती मान वर करायची नाही. केव्हातरी सायलसकाकाचा मिस्टर वॅडलो झाला.

म्हणून मी शपथपूर्वक जाहीर करतो की ॲम्ब्रोज टिंडल डाव्या बाजूने, अगदी बरोबर चढला होता. चूक कोरणाराची आहे. हे गोमर्सल यांच्या काचेवर लावावे अशी माझी इच्छा होती; कोणावर तशी सक्ती करता येत नाही, असे मिस्टर फेन सांगतात.

हेस्टर हिला मी दोन वस्तू देतो. पहिली, तो पत्रा. माझ्याजवळच्या बाकी सगळ्या कामाच्या बदल्यात मी तो गोमर्सल यांच्याकडून परत मिळवला. तिने तो वितळवावा. दुसरी, डब्लिनच्या कोणा चोराने केलेली नक्कल. त्याने आमचे छापील चित्र समोर ठेवून, आरसा न लावता, तसेच तांब्यावर उतरवले. त्यामुळे त्याच्या कागदावर ते पुन्हा उलटले आणि ॲम्ब्रोज डावीकडून चढताना आला. कोणी हसले नाही, म्हणून ते खपले नाही. जगात ॲम्ब्रोजचे खरे चित्र तेवढे एकच आहे. मला ते सहा वर्षांपूर्वी मिळाले. मी ते ॲम्ब्रोजला दाखवले नाही. दाखवले असते तर त्याला सगळे कळले असते. ते माझ्या खणात आहे.

कलम पाचवे. मला कुठेही पुरा. शवपेटी माणसांनी खांद्यावर न्यावी, घोडागाडी नको.

वरील मजकूर दुपारी एकपर्यंत पुरा झाला. यापुढचे, मिस्टर फेन नको म्हणत असताना, मी सही करण्याआधी घालतो आहे.

पहिले साक्षीदार तळमजल्यावरचे पाववाले सेल्बी आले. दुसऱ्या साक्षीदार म्हणून मिसेस पेग्लर पुढे झाल्या, तेव्हा मिस्टर फेन यांनी त्यांना थांबवले. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीची सही केली, तर त्याचे मिळायचे ते जाते. बाई लगेच मागे सरल्या. इतक्यात हेस्टर आली; दारातून तिने ते ऐकले असावे. मी तीन निरोप पाठवले होते. ती तिसऱ्याला आली. तिने कोट काढला नाही. चौथे कलम उभ्यानेच वाचले, एकदाच.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मिस्टर वॅडलो, मी दहा वर्षं चित्रं रंगवते. पत्रा उलटा छापतो हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी तुमची वाट बघत होते.”

मी विचारले, तूच त्याला का नाही सांगितलेस.

“सांगितलं ना. किती वेळा सांगितलं. बाबा म्हणायचे, सायलस तिथं होता, चूक त्याची असती तर तो बोलला असता. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा मला विचारत होते, मी खरंच उजवीकडून चढलो होतो का गं?”

मी खणातून डब्लिनचे चित्र काढून तिच्यापुढे धरले. तिने ते बराच वेळ पाहिले, हातात घेतले नाही. “बाबांचा कोट निळा नव्हता. तपकिरी होता,” एवढेच म्हणाली. मग मिस्टर फेन यांच्याकडे वळून तिने साक्षीदाराचा नियम पुन्हा एकदा सांगायला लावला. त्यांनी सांगितला. तिने नीट ऐकून घेतला आणि लेखणी मागितली.

मिस्टर फेन माझ्याकडे बघू लागले. मी मानेने होकार दिला. तिची मी आजवर एवढी एकच गोष्ट अडवली नाही. पत्रा आणि चित्र आता उरलेल्यात जमा, म्हणजे मिसेस पेग्लर यांचे. पत्रा सपाट आहे, त्यावर ओटच्या भाकऱ्या छान भाजतील, असे त्या आत्ताच म्हणाल्या. भाजोत.

सही: सायलस वॅडलो

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली.

साक्षीदार पहिला: एनॉक सेल्बी, पाववाला, लेदर लेन

साक्षीदार दुसरी: हेस्टर टिंडल, ॲम्ब्रोज टिंडल यांची मुलगी. मला यातले काही मिळत नाही.

लंडन, गुरुवार, १२ मार्च १८१८