पलीकडच्या काठावर दिगंबर

९ जुलै ८३, शनिवार

अर्धी शाळा. सुटल्यावर घरी न जाता सरळ दिगंबरच्या टायरच्या दुकानात. म्हैस जमिनीवर पसरलेली आणि दि. तिच्या पोटाशी गुडघे टेकून ठिगळ लावतोय. ही रबरी बोट भंगारातून आणली तेव्हा तिच्या अंगावर कुठल्याशा जहाजाचं नाव होतं, आता नुसती ठिगळं. काळी, फुगीर, एकदा पाण्यात शिरली की बाहेर निघायला राजी नाही. दुसरं नाव काय ठेवणार.

"मास्तर, ट्रक या ठिगळावर आग्र्यापर्यंत जातो," दि. म्हणाला. मी म्हटलं, ट्रक बुडत नाही. हसला नाही. धंद्याच्या बाबतीत त्याला चेष्टा चालत नाही.

नवी वल्ही आली सुताराकडून. बांबू आणि प्लायवूड. एक वाकडं निघालं. ते अर्थातच माझ्या वाट्याला.

यशवंताचा निरोप नाही. पेठकडे पाऊस आहे म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातंय.

१३ जुलै

निरोप नाही. आठवी ब ला अनेकार्थी शब्द. कर, पान, वर, नेहमीचेच. मागच्या बाकावर दोघं झोपलेले. हेवा वाटला.

सुमन म्हणते, "अहो, एवढी गोदावरी जवळ आहे, तिच्यात काय पाणी नाही?" बायकोला किती वेळा सांगायचं. गोदावरीत लोक पुण्य मिळवायला उतरतात. आम्हाला दगडांतून उड्या मारत खाली येणारं पाणी लागतं. यशवंताच्या गावचा ओहळ दिवाळीनंतर कोरडा, त्यातून गुरं चालतात. पावसात मात्र थोडे दिवस असा येतो की बघत राहावं. आणि पाऊस थांबला की उतरलाच. तेवढ्यात पोचलो तर पोचलो.

"मग नाही पोचलात तर बरं," म्हणाली आणि पीठ मळायला गेली.

१६ जुलै

आला निरोप. पेठ गाडीचा कंडक्टर दुकानात सांगून गेला, "तुमच्या यशवंत भाऊंनी सांगितलंय, ओहळ आला, लौकर निघा." यशवंत तिकडे पंचायत समितीत कारकून, घर ओहळाच्या उशाला. त्याचा निरोप कधी खोटा नसतो.

उद्या पहिली गाडी. सुमनला अजून सांगायचंय.

१७ जुलै, रविवार. यशवंताचं घर, दुपार

दि. सापडत नाही.

लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

म्हैस टपावर टाकून आलो. ओहळ दोन्ही काठ भरून, लाल पाणी. दि. पुढं, य. मध्ये, मी मागं, नेहमीसारखे. मागच्यानं बोट वळवायची आणि ओरडून सांगायचं, पुढच्यांनी ऐकायचं. पुढच्याला मागचं दिसत नाही. 'मार' म्हणजे वल्हं मार. 'बस' म्हणजे पुरे, वल्ही वर. तीन पावसाळे हेच चाललंय.

पहिल्या दोन उड्या झकास गेल्या. दि. गात होता. मग वळण आलं, पलीकडे काय आहे दिसेना, आणि हा बघायला उभा राहिला. बोटीत उभा. मी ओरडलो, "बस." त्यानं वल्हं वर उचललं. उभाच राहिला.

बोट आडवी झाली, दगडावर चढली, उलटली.

मी आणि य. अलीकडे करवंदीच्या जाळीत अडकलो. अंग सोललंय. म्हैस खाली रस्त्याच्या फरशीला, त्या बुटक्या पुलाला, जाऊन थडकली, ती सापडली. दि. नाही. त्याच्या छातीला गाडीची ट्यूब बांधली आहे. बांधली होती. गाठ कोणी बघितली होती? मी नाही.

य. गावातली माणसं घेऊन काठानं खाली गेलाय. माझा पाय सुजला म्हणून मला इथं ठेवलं. दि.च्या घरी मंगलवहिनी डाळ शिजवून त्याची वाट बघत असतील. त्यांना काय सांगू मी. दारात उभा राहून कुठलं वाक्य बोलू

तोच दिवस, दिवेलागण

आहे. जिवंत आहे.

य.च्या चुलत्यानं पाहिला. फरशीच्या बराच खाली, पलीकडच्या काठावर. मी लंगडत गेलो. दगडावर उभा होता, अंगात बनियन, ट्यूब गळ्यात आलेली. हाका मारल्या पण त्या पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. हात केला. त्यानंही केला. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मग मी तिथंच चिखलात बसून रडलो. लाजबीज काही वाटली नाही. य. म्हणाला, "रड मास्तर. आता रडाया हरकत नाय."

पण पलीकडे जाणार कोण? फरशीवरून छातीएवढं पाणी. तिकडे डोंगरावर दोन घरं आहेत. दि.नं तिकडे बोट दाखवलं, तोंडाशी हात नेला, म्हणजे जेवणाची सोय आहे. मग आणखी एक खूण केली. हात वर नेऊन खाली आपटला. दोनदा. ती काही कळली नाही.

"उद्या येतो म्हनतोय," य. म्हणाला. मला वाटतं शिव्या घालत होता. मला.

घालू दे.

१८ जुलै, सोमवार

शाळा बुडाली. उजाडल्यापासून फरशीजवळ. पाऊस थांबलेला. ओहळ डोळ्यांदेखत उतरत होता, दगडांची डोकी एकेक करून वर येत होती. य. सारखा काठी घालून बघायचा आणि म्हणायचा, "थांब, अजून नाय."

गुडघ्याएवढं झालं तेव्हा दि. आला. डोक्यावर इरलं, कमरेला कुणाचं तरी धोतर, हातात नागलीच्या भाकरीचं फडकं. मधोमध थांबला, पायानं तळ चाचपला, आणि चालत अलीकडे आला. य.ला मिठी मारली. मला म्हणाला, "पाय कसाय?"

तेवढंच. एसटीत खिडकीकडे तोंड करून झोपला, निदान डोळे मिटून होता. फडकं माझ्या मांडीवर. दोन भाकऱ्या मी खाल्ल्या. कालपासून पोटात काही नव्हतं हे तेव्हा कळलं.

बोलला नाही तर नाही. शेजारी बसलेला होता ना. मला आज आणखी काही नको.

१९ जुलै

संध्याकाळी दि.कडे. तो दुकानातून आला नव्हता. त्यानं घरी सांगितलेलं, फरशीवर पाणी होतं, गाडी अडकली. तसं खोटं नाही.

मंगलवहिनींनी चहा दिला आणि माझ्या पायाकडे बघितलं. "गाडीत बसून पाय सुजतो का हो, भावजी?"

सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांनी सांगितलं असतं तर यांना ओरडले असते. तुम्ही सांगितलंत, आता तुम्ही ऐका." आणि अशा काही ओरडल्या की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. घरी येताना इतकं हलकं वाटत होतं की पाय दुखतोय हेही विसरलो.

सुमनला मात्र कळलं तेव्हा ती ओरडली नाही. नुसती भाजी चिरत राहिली. ते जास्त वाईट.

२४ जुलै, रविवार

य. काही कामाला नाशकात आलेला. तिघं दुकानात. म्हटलं, आता एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

मी: उभ्या माणसाला 'बस' म्हटलं तर त्यानं काय करायचं? खाली बसायचं.

दि.: "आणि तीन वर्षं बस म्हटलं की वल्हं वर करायचं. केलं मी."

मी: अरे, पण उभं राहून?

दि.: "उभं राहू नको असं कुठं म्हणालास? बस म्हणालास. मी म्हटलं, पुरे तर पुरे."

य. आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. "मास्तर, तुमी शाळेत मराठीच शिकवता ना?"

आधी दि.च्या तोंडातला चहा उडाला. मग माझाही. पोट दुखेपर्यंत हसलो तिघं. दि. डोळे पुसत म्हणाला, "मेलो असतो तर आठवी ब ला उदाहरण झालं असतं." एवढाएवढासा शब्द आणि काय करून बसला. मान्य आहे, चूक माझीच. पण उभं राहायला मी सांगितलं नव्हतं, हेही इथं लिहून ठेवतो.

ठरलं: खाली बसायला 'टेक'. वल्ही थांबवायला 'हो हो', बैलाला म्हणतात तसं. य.चं म्हणणं, बैल तरी ऐकतात.

वाटलं, मिटलं सगळं. निघताना म्हटलं, मग पुढच्या रविवारी? दि.नं एक ट्यूब टाकीत बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात बघत राहिला. "तुम्ही दोघं जा."

३१ जुलै

नाही गेलो. य.चा निरोप होता, पाणीही होतं. सुमनला सांगितलं, दोघांच्यानं म्हैस वळत नाही. वळते. दि.शिवाय जायचं मन नाही, एवढंच.

तो रागावलाय असंही दिसत नाही. पानाला बोलावतो, चेष्टा करतो. पण म्हैस दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगली आहे आणि तिकडे बघतसुद्धा नाही. मी विचारत नाही. विचारलं आणि तो म्हणाला, तू मागं बसणार असशील तर मी यायचा नाही, तर पुढं काय बोलायचं?

१४ ऑगस्ट, रविवार

सायखेड्याला एकाचे टायर पोचवायचे होते. दि. म्हणाला, "चल, तेवढीच सोबत." काम झाल्यावर गोदेच्या घाटावर बसलो. नदी संथ, भरलेली. त्यानं चपला काढून पाय पाण्यात सोडले. 

तोच म्हणाला, "तुझ्यावर राग नाहीये रे. तुला तसं वाटतंय, कळतं मला."

म्हटलं, मग?

"पाण्यातून डोकं वर काढलं ना, तेव्हा मागं बघितलं. कुणी नव्हतं. तू नाही, यशवंत नाही, म्हैस उलटी. मला वाटलं, दोघंही गेलात." पायानं पाणी ढवळलं. "पलीकडे लागलो तरी तेच डोक्यात. संध्याकाळी तुम्ही दिसलात, तोपर्यंत तेच. पुढं बसलं की मागचं दिसत नाही मास्तर. आता बसलो तर मी सारखा मान वळवून बघत राहीन, आहात का, आहात का. अशानं वल्हं मारता येतं का?"

महिनाभर मी काय काय समजून बसलो होतो. मी इकडे तो गेला म्हणून, तो तिकडे आम्ही गेलो म्हणून. विचारलं, ती खूण कसली होती, हात आपटलास दोनदा?

"मोजत होतो. मास्तर एक, यशवंत दोन."

 त्याच्या पाठीवर एक थाप दिली, जरा जोरातच बसली. तो म्हणाला, "ढकलतोस का आता?" घाटावर धुणं धुणाऱ्या बाया बघायला लागल्या इतके हसलो. परत येताना टेम्पोत तो गात होता. किती दिवसांनी.

यायचं की नाही ते मात्र बोलला नाही. मीही काढलं नाही.

८ जुलै ८४, रविवार

वर्षभर इथं म्हशीचं नावही नाही. परीक्षा, लग्नं, सुमनच्या भावाचं घर. आज सहज दुकानात गेलो तर म्हैस भिंतीवरून खाली उतरलेली. पोटाला नवं ठिगळ.

"रबर वाळतं नुसतं टांगून," दि. म्हणाला. माझ्याकडे न बघता.

१५ जुलै, रविवार. यशवंताचं घर

निरोप काल आला. दि. पहाटे माझ्या आधी स्टँडवर हजर. वहिनींनी तिघांपुरता डबा दिलेला. त्यांनी सांगितलं म्हणे, "भावजींना म्हणावं, वाद काठावर घाला."

ओहळ मागच्यापेक्षा थोडा कमी, पण चांगला. दि.नं हवा भरली, म्हशीला सगळीकडून ठोकून बघितलं, आमच्या छातीवरच्या गाठी स्वतः बांधल्या, इतक्या घट्ट की श्वास घेता येईना. मग बाजूला झाला. "मी फरशीपाशी थांबतो दोर घेऊन. तुम्ही या."

वाईट वाटलं. पण आला तर होता.

य. पुढं, मी मागं. दोन उड्या झाल्या. वळण आलं. "हो हो" म्हटलं, यशवंत बैलासारखा थांबला, काठ धरून पार. खाली फरशीजवळ दि. कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला. ठरलं नव्हतं असं काही. दोर टाकला, ओढून घेतलं, आणि पहिलं वाक्य,

"वळण कुठून घेतलंत?"

"डावीकडून. काठाला धरून."

"येड्यासारखं. उजवीकडून घ्यायचं. त्या दगडाच्या मागं पाणी सरळ आहे, मी वरून बघितलंय." मग पाण्याकडे बघत उभा. ओला, थंडीनं काकडत.

बोट बाहेर ओढली. य. हवा सोडायला वाकला, बुचाला हात घातला.

"राहू दे," दि. म्हणाला.

"पाचची गाडी हाय."

"उद्या सकाळीही असतेच की."

मी म्हटलं, उद्या शाळा आहे. म्हटलं आणि जीभ चावली. दि. दोर गुंडाळू लागला. यशवंतानं डोंगराकडे बघितलं, तिकडे काळं होतं, पण तेवढ्यावर ओहळाचा भरवसा नाही, सकाळी नुसते दगडही असतील. पाचच्या ड्रायव्हरजवळ दोन्ही घरी निरोप दिला, तिघंही बरे आहोत, उद्या येतो. दि. येईल का बोटीत, आला तर कुठं बसेल, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

म्हशीला जांभळीच्या बुंध्याला बांधून वर आलो. हवा सोडली नाही.