बाबांची धडक

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला मनापासून नमस्कार. इथे बर्फ पडायला लागलाय, पण मी पोटभर जेवतो, हे आईला सांगा.

काल कोच ब्रँडनरांनी तुमच्या कॉलेजातली अमेरिकन फुटबॉलची जुनी मॅच पडद्यावर लावली. तुम्ही टाइट एंड, मीही टाइट एंड. समोरच्याला अडवायचं आणि बॉल आला तर झेलायचा. पोरं हसायला लागली, "कोल्बी, तुझ्या बाबांना बॉल कुणी देतच नाही रे! नुसत्या धडका मारतायत!"

कोच म्हणाले, "त्यांच्यामागून बॉल घेऊन पळणाऱ्याकडे बघा. त्याला कुणी शिवलं तरी का?"

मग त्यांनी मला विचारलं, "तू सरस की बाबा?"

मी म्हणालो, "झेलण्यात मी. पण गोलरेषेपर्यंत धडकून जायचं शेवटचं एक यार्ड उरलं असेल तर बाबांना उतरवा, मी बाकावर बसतो."

माझा खांदा किंचित दुखतोय, काळजी नको. तुमचं कसं आहे? खुब्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही उठायलाच तयार नाही, असं आई म्हणत होती.

हंगामाच्या शेवटच्या मॅचआधी आम्ही आईवडिलांना हात धरून मैदानात नेतो. काठी घेऊन या, लाजू नका. या वेळी तुमच्यापुढची वाट मी मोकळी करतो.

तुमचाच धटिंगण,
कोल्बी